चोवीसचा पाढा

महाडहून मुंबईचं विमानतळ गाठायला साडेपाच तास लागले आणि तिथून दुबई गाठायला तीन. त्यावरून दुबई जवळच आहे, असं आमच्या घरात एकमताने ठरलं. आणि एवढी जवळ आहे तर सगळ्यांना काहीतरी आणायलाच हवं, हेही ओघाने आलं. वहीत बुर्ज खलिफाला एक ओळ मिळाली, नातेवाइकांना तीन पानं.

खरं तर आमच्या गल्लीला परदेशी वस्तूंचं अप्रूप नाही. महाड-पोलादपूर पट्ट्यातली कितीतरी घरं आखाताच्या पैशावर उभी राहिली. शेजारचे चाचा तिकडे पंचवीस वर्षं ड्रायव्हर होते. दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे तेव्हा सोबत सुतळीने आवळलेला खोका असायचा. वर मार्करने नाव. आत टँग, दुधाची पावडर, बामच्या बाटल्या आणि चेनच्या प्लास्टिक पिशवीत ते दोनपदरी मऊ ब्लँकेट. त्या खोक्यात दोन वर्षांचा ओव्हरटाइम भरलेला असे. आम्ही तोच खोका पाच दिवसांत, तोही हक्काच्या रजेत भरायला निघालो होतो. चाचांना सल्ला विचारला. म्हणाले, "फिरायला जातोयस ना? मग फिर. आणि वजनकाटा घेऊन जा."

पहिल्या दिवशी कळलं की दुबईत पाहायचं काही नसतं, गुणायचं असतं. दिरहमला साधारण चोवीस रुपये. आमच्या पिढीचे पाढे बारावर दम टाकतात. वडिलांचे तीसपर्यंत, वर पावकी-निमकी. त्यामुळे ज्यांना 'पाय दुखतील, हॉटेलवरच बसा' म्हणून सांगणार होतो, त्यांना पुढे घालून आम्ही देऱ्याचा बाजार हिंडलो. बायकोने पर्स उचलली की मागून आवाज यायचा, "चोवीस सक चव्वेचाळासे!" पर्स खाली. वडिलांनी एवढं घर आयुष्यात कधी वाचवलं नव्हतं.

त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे आपण साठ वर्षं उशिरा आलो. 1966 पर्यंत दुबईत रुपयाच चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापाराने आपलं परकीय चलन गळायला लागलं, म्हणून रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. म्हणजे तेव्हा गेलो असतो तर पाढा लागला नसता. पैसे लागले असते, पण त्याबद्दल वडील काही बोलले नाहीत.

सोन्यावरून आठवलं. गोल्ड सूकमध्ये वहिनी अशा काही थबकल्या की रहदारी तुंबली. दादाने हळूच सांगितलं, करमाफ दागिन्यांची सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना असते; आपण पाच दिवसांचे. शिवाय आपल्याकडे सोन्यावरचं आयात शुल्क 2024 च्या जुलैमध्ये 15 वरून 6 टक्क्यांवर आलं, तेव्हाच इथल्या सोन्याची अर्धी चमक उतरली. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग वर्षभर राहायला काय घेतील?"

पर्यटकाला पाच टक्के व्हॅट परत मिळतो, ही बातमी मात्र धाकट्याने आणली. अट एकच, एका दुकानात किमान अडीचशे दिरहमची खरेदी. आमचं बिल दोनशे दहा. म्हणून चाळीसचा आणखी एक डबा घेतला. बारा दिरहम वाचवायला चाळीस घातले, आणि या धोरणाला घरात कुणीही विरोध केला नाही. वडील तेव्हा बाहेर दुकानाच्या पायरीवर टेकले होते.

रायगडावर बाजारपेठेची उंच जोती दाखवून गाइड सांगतात, इथे लोक घोड्यावर बसून खरेदी करायचे. खरं असो नसो, व्यवस्था चांगली. दुबईच्या मॉलमध्ये बायका पायी आणि घोडे आम्ही.

शेवटच्या रात्री चाचांचा काटा बाहेर आला. माणशी वीस किलोची परवानगी. बॅग हुकाला लावायची, दादाने श्वास रोखून उचलायची, मी आकडा वाचायचा. बावीस चारशे. वहिनींनी बदामांचा पुडा काढला. बावीस. मग हळूहळू नात्यागोत्याची छाननी सुरू झाली. साडूंचं अत्तर जाड काचेचं होतं, ते बाहेर. लग्नात आहेर परत पाठवणाऱ्या मामांचं चॉकलेट दादाने तिथेच फोडलं. बायकोने आपली चप्पल काढली, पण नणंदेचा पावडरचा डबा काढला नाही. त्यामागे प्रेम होतं की धाक, ते काट्यावर दिसलं नाही. साडेपाच किलोचं ब्लँकेट कुणाच्याच वाट्याला येईना, तेव्हा वडिलांनी ते खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "हे मी पांघरून बसतो." वाळवंटातून निघालेला माणूस ब्लँकेट पांघरून महाडच्या मे महिन्यात उतरला.

दरम्यान, तव्याच्या तळाला, खेळण्याच्या पोटाला आणि टॉवेलच्या काठाला 'मेड इन इंडिया' लिहिलेलं सापडलं. नखाने निघतील तेवढी स्टिकरं निघाली. तव्यावरची अक्षरं ठोकलेली होती. तो घरी ठेवायचं ठरलं.

पोलादपूरला आत्याकडे खजुराचा डबा आणि ब्लँकेट घेऊन गेलो. आत्या वडिलांची थोरली बहीण, एकाच मास्तरांच्या हाताखालची. डबा उलटा करून तिने किमतीची चिठ्ठी बघितली. दहा. ओठ हलले.

"चोवीस दाहे दोनशे चाळीस. दोनशेला मिळतो रे हा. रमजानात तुमच्याच गल्लीतनं आणवला होता मी."

मी ब्लँकेटकडे बोट दाखवलं. आत्याने ते चाचपलं, आंबेनळी घाटाच्या बाजूला एकदा बघितलं आणि म्हणाली, "हे राहू दे. पौषात महाबळेश्वरचं वारं खाली येतं." मग आत गेली आणि कडव्या वालांची पिशवी घेऊन आली. सवयीने मी काटा काढला. चार किलो दोनशे.

"काय करतोयस?"

"काही नाही," म्हटलं आणि हुक सोडवला.