पुरवणीवाले काका

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या व्याख्यानाला कधी गेला असाल, तर पुरवणीवाले काका तुम्हाला भेटलेले आहेतच. साडेसहाचं व्याख्यान असलं की सहालाच हे तिसऱ्या रांगेत हजर. पहिली रांग सत्कारवाल्यांची, दुसरी वक्त्याच्या नातेवाइकांची आणि तिसरी अभ्यासकांची, असा त्यांचा हिशेब. खुर्ची हवी पंख्याखालची, आणि वारा लागतो म्हणून गळ्यात मफलर. मांडीवर कापडी पिशवी, तीत बँकेची फुकटची डायरी.

प्रास्ताविक करणाऱ्याने "मंडळाची स्थापना १९१० साली" म्हणायचा अवकाश, "७ जुलै. राजवाडे आणि मेहेंदळे," अशी कुजबुज चार रांगांना ऐकू जाते. वक्त्याने "१७६१च्या जानेवारीत पानिपतावर" म्हटलं की, "१४ तारीख, बुधवार. पौष शुद्ध अष्टमी." बखरीचा आधार दिला तर काकांची मान नकारार्थी हलते. अस्सल पत्राचा दिला तर डायरी उघडते.

"आता दोन-तीन प्रश्न घेऊ," असं म्हणताना संयोजक बाकीच्या सभागृहाकडे मोठ्या आशेने बघतात. बाकीचं सभागृह आपापल्या चपला शोधत असतं. काका उभे राहिलेले असतात.

"प्रश्न असा नाही, छोटीशी पुरवणी जोडतो."

एकदा विषय होता पेशवेकालीन पाणीपुरवठा. कात्रजच्या तलावातून निघालेलं पाणी शनिवारवाड्याच्या हौदात पडायच्या आत काका पानिपतावर पोचले होते. तिथून जेधे शकावली, शिवजन्माची तिथी, १६२७ की १६३० हा सगळा वाद. संयोजकांनी हात जोडले, घड्याळ दाखवलं, शेवटी आभार मानायला सुरुवात केली. काका म्हणाले, "आभार चालू द्या, माझा शेवटचाच मुद्दा आहे."

वारसा फेरीत तर वाटाड्याची कसोटीच. शनिवारवाड्यात त्याने रंगात येऊन 'ध'चा 'मा' सांगितला, की मागून आवाज, "ते पत्र पाहिलंत का आपण? कुठल्या दफ्तरात आहे?" पोरगा बिचारा पुढच्या वेळेपासून "असं म्हणतात" ही पुस्ती जोडायला शिकला. इतिहासाच्या दृष्टीने ही प्रगतीच म्हणायची.

पण एका पावसाळी संध्याकाळी मोडी कागदपत्रांवर व्याख्यान होतं. श्रोते दहाच्या आत, त्यात ऐन रंगात वीज गेली आणि पडदा काळा झाला. वक्त्यांकडे एका पत्राची झेरॉक्स होती, पण चष्मा लावूनही त्यांना अंधारात दिसेना. काकांनी ती घेतली, शेजारच्या कॉलेजच्या मुलीला मोबाइलचा उजेड धरायला सांगितला आणि पत्र घडाघडा वाचलं. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. कुठे तोडायचं हे सरावानेच कळतं. पत्रात बैलांच्या वैरणीची तक्रार होती. पुरवणी न जोडता काका खाली बसले. मुलगी मात्र उठेना. "काका, हे कुठे शिकवतात?" त्यांनी डायरीचं पान फाडून मोडी वर्गाची माहिती लिहून दिली. फाडलेलं पान कोरं आहे ना, हे आधी दोनदा पाहिलं.

संयोजकांनो, काकांच्या हातात माइक द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. तसाही त्यांना माइक लागत नाही. पण पावसात, फुकट व्याख्यानाला, वेळेआधी येणारा हा एवढा एकच माणूस आहे. चहा त्यांना आधी द्या.