एका केबीचं बाळसं

शाळेच्या भाऊसाहेबांनी चारशे बारा विद्यार्थ्यांचे फोटो दोन मिनिटांत लहान केले, आणि तिथेच त्यांचं चुकलं.

इरफानव्ह्यू उघडायचं, बी ही कळ दाबायची, अख्खं फोल्डर यादीत ढकलायचं, रुंदी 180 आणि उंची 240 पिक्सेल भरायची. मोबाइलवर काढलेले तीन-चार एमबीचे फोटो चहा निवायच्या आत बोटभर होतात. पॉवरटॉइज असेल तर फोटो निवडून उजवी क्लिक पुरे. इमेजमॅजिकच्या मॉग्रिफायला तर एक ओळ लागते; फक्त ती मूळ फाइलवरच नांगर फिरवते, तेव्हा आधी फोल्डरची प्रत काढावी.

पण हे फोटो ज्यावर चढवायचे, त्या पोर्टलला फोटो 20 ते 50 केबीचाच हवा. पन्नासच्या वर नको, हे समजतं. विसाच्या खाली का नको?

गंमत अशी की पार्श्वभूमी पांढरी हवी, हा नियम त्याच पोर्टलचा. गणवेशाचा शर्टही पांढराच. जेपीईजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडते. चौकोनात काही घडतच नसेल तर तिथे लिहायलाही काही उरत नाही आणि फाइल हडकते. त्यामुळे तेल लावून चापून भांग पाडलेली, नीट इस्त्रीतली मुलं आठ-दहा केबीवर अडकली. पास कोण झालं? तर चौकड्यांचा शर्ट घालून आलेला, केसांचं टोपलं झालेला, मागे कडुनिंबाचं झाड घेऊन उभा राहिलेला सातवी ‘ब’मधला उनाड. पानापानाला केबी! एका गुणी मुलीची फाइल 19 केबी भरली. अंगणवाडीत वजन कमी भरलं तर खिचडी वाढवतात. इथे काय वाढवायचं? भाऊसाहेबांनी क्वालिटी शंभरावर नेली, तरी काही फाइली बाळसं धरेनात. शेवटी भाच्याने फाइलच्या शेपटीला निरर्थक बाइट चिकटवून दिले. जेपीईजीच्या समाप्तीच्या खुणेपुढचा मजकूर चित्र उघडताना वाचलाच जात नाही. चेहरा तोच, पिक्सेल तेच, कचरा तेवढा वाढला, आणि पोर्टलने हिरवी टिक दिली.

म्हणजे तपासलं काय? चेहरा नाही, स्पष्टपणा नाही. काट्यावर ठेवून फक्त वजन! 19 हे 20 पेक्षा कमी, हे ज्या सर्व्हरला क्षणात कळतं, त्याला आलेला फोटो स्वतः बेतून घेता येत नाही? भाऊसाहेबांनी फुकटात मिळवलेल्या अवजारांतलं इमेजमॅजिक तर त्यालाही फुकटच आहे. पण ते काम करायचं रात्री अकराला, सर्व्हरला श्वास आल्यावर, शाळेच्या एकमेव संगणकावर बसून एका माणसाने. तालुक्याच्या चौकात ‘फोटो-सही केबीत करून मिळेल’ अशा पाट्या उगीच लागलेल्या नाहीत.

पुढच्या वर्षीसाठी पालकांना विनंती: फोटोच्या दिवशी मुलांना चौकड्यांचा शर्ट घालावा, आणि केस विंचरू नयेत.