कॅमेऱ्याची डुलकी

पोलीस ठाण्यातला कॅमेरा मोठा समंजस. चहावाला पोऱ्या येतो, तक्रारदार बाकावर ताटकळतो, हवालदार स्टेशन डायरी लिहितो, हे सगळं तो इमानेइतबारे टिपतो. कोठडीत कुणी दगावला की मात्र नेमक्या त्याच रात्री वायर उंदीर कुरतडतात, नाहीतर हार्ड डिस्क भरते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये बजावलं होतं: प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, आवाजासह चित्रीकरण करा आणि ते किमान वर्षभर जपा. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. चौकात बिनहेल्मेटवाल्याचा नंबर टिपणारे कॅमेरे तेवढे ठणठणीत. ई-चलान लगेच मोबाइलवर हजर! तेव्हा गृहखात्याला एकच विनंती: चौकातले कॅमेरे सांभाळणारा तंत्रज्ञ एकदा कोठडीकडेही धाडा.