हे बटण बंद करू नये

आमच्या हॉलमधल्या दिव्याच्या बटणावर चिकटपट्टीने एक कागद लावलेला आहे: 'हे बटण बंद करू नये.' अक्षर माझं. सव्वा वर्षापूर्वी घर स्मार्ट करायला घेतलं, आणि आता भिंती तलाठी कार्यालयासारख्या दिसायला लागल्या आहेत.

सुरुवात सेलमध्ये घेतलेल्या एका दिव्यापासून झाली. मग गीझरसाठी दुसऱ्या कंपनीचा १६ अँपिअरचा प्लग आला, तिसऱ्या कंपनीचा पंखा आला, आणि एसीला रिमोटऐवजी हुकूम सोडणारी चौथ्या कंपनीची लाडवाएवढी डबी आली. स्वस्त मिळेल तिथून आणलं. मंडईतून भाजी आपण अशीच आणतो. पण घरी आल्यावर भेंडी कोथिंबिरीला 'तू कुठल्या गाळ्यावरची?' असं विचारत नाही. या वस्तू विचारतात. प्रत्येकीचं ॲप वेगळं, पासवर्ड वेगळा आणि रुसण्याची तऱ्हाही वेगळी. "पूर्वी तू उठून पंखा लावायचास," बायको म्हणाली, "आता बसून शोधतोस."

दिवा वायफायला जोडायला एक अख्खा रविवार गेला. त्याला २.४ गिगाहर्ट्झच हवं होतं आणि माझा फोन ५ वर होता. ५ वेगवान खरं, पण भिंत आली की हात टेकतं, २.४ संथ, पण दोन खोल्या ओलांडून जातं. दिवा पुन्हा शिकाऊ अवस्थेत न्यायचा तर बटण पाच वेळा चालू-बंद करायचं. चौथ्या प्रयत्नाला समोरच्या इमारतीतल्या काकूंचा फोन आला, "सगळं ठीक आहे ना?"

स्पीकर पाचव्या कंपनीचा. त्याला मराठी येत नाही, म्हणून आई त्याच्याशी हिंदीत बोलते. "वो पंखा जरा बारीक करो," ती म्हणाली. 'बारीक' नावाचं कोणतंही उपकरण घरात नसल्याचं त्याने नम्रपणे कळवलं.

पुढे कळलं, या भाऊबंदकीवर जागतिक तोडगा निघालेला आहे. ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स यांनी डिसेंबर २०१९ मध्ये एकत्र येऊन सगळ्या वस्तूंसाठी एकच बोली ठरवायचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती 'मॅटर' या नावाने आली. पहिल्या यादीत दिवे होते, प्लग होते, कुलपं होती, घर ऊबदार ठेवणारे थर्मोस्टॅटसुद्धा होते. पंखा नव्हता. तो आला वर्षभराने, १.२ आवृत्तीत. बैठकीला मे महिन्यातल्या पुण्यातलं कोणी नसावं.

तरी मी मॅटरवाला नवा दिवा आणला. त्याला ११ आकडी कोड लागतो. कोडाचा कागद रद्दीत गेला होता. दुसरी प्रत दिव्याच्या मानेवर, मुंगीच्या अक्षरात. कोड वाचायचा तर दिवा काढावा लागतो आणि कोड टाकायचा तर दिवा लावावा लागतो. मी स्टुलावर, चष्मा कपाळावर, हातात तापलेला दिवा, आणि खाली बायको आकडे लिहून घेतेय. "सात की एक?" "थांब, भाजतंय!"

पण जमलं! स्पीकरला 'शुभ रात्री' म्हटलं की दिवे मालवतात, पंखा मंदावतो, एसी २६ वर येतो. पंख्याला मॅटर येत नाही, त्याची वर्णी मागच्या दाराने लावली. एसीच्या बाबतीत मात्र ती डबी नुसती हुकूम सोडते. तो पाळला की नाही, हे तिलाही कळत नाही. पहिल्या रात्री सगळं बिनचूक झालं. दुसऱ्या रात्री स्पीकर म्हणाला, हॉलमधला दिवा प्रतिसाद देत नाही.

देणार कसा? आईने भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. रिकाम्या खोलीत दिवा जळत ठेवणं तिच्या लेखी पापच. त्यासाठी तिने आम्हा भावंडांचे कान पिळलेले आहेत. "आई, दिवा बंद असला तरी बटण चालू लागतं," मी समजावलं. "मग बंद काय असतं?" तिने विचारलं. त्याच रात्री मी कागद चिकटवला. सहा बटणांवर सहा कागद.

गेल्या आठवड्यात रात्री दोनला वीज गेली आणि तीनला आली. वीज परत आली की हे दिवे आधीचं सगळं विसरून पूर्ण तेजाने पेटतात. राउटर मात्र सावकाश जागा होतो. तोवर घरात लग्नाच्या हॉलइतका उजेड, आणि मी अंथरुणात बसून फिरणाऱ्या गोल चक्राकडे बघतोय. तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज आला आणि ओळीने सहा वेळा 'टक्' ऐकू आलं. पाच कंपन्या एका बोटात गप्प.

सकाळी पाहिलं, तर हॉलमधल्या माझ्या कागदाखाली पेन्सिलीने, वळणदार अक्षरात एक ओळ वाढली होती: 'रात्री करावे.'