काठी काढायची की ठेवायची

डंडी, स्कॉटलंड
रविवार, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत

ती. आण्णा आणि सौ. आई,

आण्णा, आधी त्या फोटोचं. मी उपोषणाला बसलेलो नाही, मोर्चात नाही, रास्ता रोकोतही नाही. हातात झेंडा, मागं मोकळं रान आणि तोंड उतरलेलं, एवढ्यावरून तुम्ही रात्री दीडला उठून फोन केलात, ते आपल्या गावाकडं बघता रास्तच आहे. पूर्वी इथं गणपतीत कुणी मराठी माणूस भेटला की 'जालना जिल्हा, वडीगोद्रीपासून आत' अशी लांबण लावावी लागायची. 2023 च्या उपोषणानंतर अंतरवाली सराटी एवढं नाव पुरतं. मात्र पुढचा अर्धा तास त्याचं राजकारण ऐकावं लागतं आणि तोवर माझा मोदक गार होतो.

तर तो झेंडा गोल्फचा. पारावरच्या मंडळींना एकदाच सांगून टाका: चेंडू पांढरा, भोक सव्वाचार इंचांचं, आणि दोघांच्या मधे कुरणच्या कुरण. भोक लांबून दिसत नाही म्हणून त्यात झेंड्याची काठी उभी करतात. ऑफिसच्या सहलीत चौघं खेळले. मला खेळता येत नाही, त्यामुळं काठी माझ्या हातात आली. इंजिनियर पोरगा परदेशात जाऊन झेंडा धरतोय, हे शेजारच्या नानांना कळू देऊ नका. त्यांच्या बाळूला ते निवडणुकीत रोजानं मिळतं.

काठी धरणं सोपं वाटतं ना? ऐका. लांबून मारताना झेंडा उभाच ठेवतात. चेंडू त्याला आपटला तरी दंड नाही. भांडण आहे ते भोकाजवळच्या, अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर. 2018 पर्यंत तिथून ढकललेला चेंडू भोकातल्या काठीला लागला की दोन फटक्यांचा दंड होता. म्हणून कुणीतरी काठी धरायची आणि चेंडू निघाला की उपटून बाजूला व्हायचं. मग गोल्फचे नियम करणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए नं आणि अमेरिकेच्या यूएसजीए नं मिळून ठरवलं की 1 जानेवारी 2019 पासून काठी राहिली तरी चालेल, दंड नाही. खेळ लवकर उरकावा, हा हेतू.

आता लवकर कसा उरकतो ते बघा. आमच्या मॅनेजरला काठी हवी. हिशेबवाल्या बाईंना नको. तिसऱ्याला लांबून हवी, जवळून नको. चौथा आधी वाकून उतार बघतो, मग आभाळ बघतो, मग माझ्याकडं बघतो. 'काढ' म्हटलं की काढतो, 'लाव' म्हटलं की लावतो. वर हे चेंडू मारण्याआधीच ठरवायचं असतं. आणि लावायची ती सरळ, कुणाच्या सोयीनं तिरकी करून नाही. एकदा चेंडू काठी आणि भोकाची कड यांच्यामधे अडकून बसला. चेंडूचा थोडा जरी भाग जमिनीच्या पातळीखाली असला तर तो गेला असं धरतात. ते बघायला चार साहेब माणसं गवतावर पालथी पडली. आई, तुला सांगतो, तुझी हरवलेली फुली शोधायला सुद्धा घरातली एवढी माणसं कधी वाकली नव्हती.

जाणत्यांनी तरी हे मिटवावं, तर तेही नाही. डेव्ह पेल्झ म्हणून एक गृहस्थ, आधी नासात होते. त्यांनी 1990 मध्ये चेंडू लोटून लोटून सांगितलं, काठी ठेवा, फायदाच आहे. नवा नियम आल्यावर कॅलिफोर्नियातल्या टॉम मेस या प्राध्यापकांनी पुन्हा मोजलं. ते म्हणतात, चेंडू मधोमध आला तर ठीक, पण कडेनं येणारा चेंडू काठी बाहेर उडवते, तेव्हा काढलेली बरी. ब्रायसन डीशॅम्बो हा खेळाडू तर म्हणाला होता, आधी काठी कशाची आहे ते बघा. फायबरची असली तर राहू दे, धातूची असली तर काढ. आपल्या बांधाची मोजणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा निराळी निघाली, तसंच हे.

(थांबलो होतो. तीन शिट्ट्या झाल्या. तुमची सून सुवर्णा म्हणते, पत्रात भाव लिहा, नाहीतर आण्णांना बरं वाटणार नाही.)

भाव लिहितो, पण आधी बसून घ्या. इथून नदीचा पूल ओलांडला की थोड्या अंतरावर सेंट अँड्र्यूज. तिथल्या ओल्ड कोर्सवर हंगामात एका माणसानं एकदा खेळायचे तीनशे पौंडांच्या वर पडतात. म्हणजे पस्तीस हजारांच्या वर! एका दिवसाचे! पैसे तयार ठेवले तरी बहुतेकांना नंबरासाठी चिठ्ठी टाकावी लागते. एवढ्या पैशात आपल्या मोसंबीला खत, फवारणी आणि वर नानांच्या बोअरला दोन शिव्या, सगळं बसेल. रविवारी मात्र तिथं खेळ बंद असतो आणि गाव कुत्री घेऊन फिरायला येतं, फुकट. म्हणून आम्ही रविवारीच जातो. या खेळापायी तिरंदाजी मागं पडते म्हणून 1457 मध्ये इथल्या राजानं खेळावरच बंदी घातली होती. माणूस तुमच्या विचाराचा होता.

त्या मैदानावर पहिल्या नऊ भोकांना पांढरे झेंडे, परतीच्या वाटेवर लाल, आणि शेवटचा पुन्हा पांढरा. हे ऐकून तुमची नात चिमी म्हणाली, "मग भगवा कुठाय?" सप्त्यात तुमच्या खांद्यावर बसून धरला होता, तो तिच्या ध्यानात आहे. मी काही बोललो नाही. शाळेतनं येताना आपल्याला मारुतीच्या देवळावरचा झेंडा आधी दिसायचा आणि गाव नंतर. इथं संध्याकाळी ऑफिसातनं निघालो की नजर उगाच वर जाते.

असो. माझं मत विचाराल तर लांबून काठी असावीच, ती कुणी काढू नये. जवळ आल्यावर ज्याचं त्यानं बघावं.

आई, पार्सल मिळालं. चटणीची पुडी फुटली होती, त्यामुळं कुरडयांना आणि चिमीच्या स्वेटरला सारखीच चव आहे. स्वेटर अजून धुतलेला नाही, सुवर्णा धुवू देत नाही. तूप पाठवू नकोस, दुधाचं काही बाहेरून आत येऊ देत नाहीत. गोधडीवरून आमच्या दोघांत वाद आहे. सध्या ती चिमीकडं आहे.

आक्काच्या पोरीला बघायला आलेल्यांनी ड्रोनचा खर्च मागितला म्हणे. सोयरीक मोडली ते उत्तम झालं. बाळूनं ट्रॅक्टर घेतला, आनंद आहे, पण हप्त्याला जामीन राहू नका. आण्णा, मी हे तुम्हालाच सांगतोय. डाव्या कालव्याला पाणी सुटलं का? शेपटाला आपला नंबर येईपर्यंत वरचे लोक मोटारी टाकतात, तेव्हा रात्री एकटे जाऊ नका, सालगड्याला सोबत न्या. आणि मोसंबीचा आंबिया बहार किती धरलाय ते खरं सांगा. फोनवर तुम्ही दरवर्षी 'बरा आहे' म्हणता आणि आई मागनं 'कसला बरा' म्हणते.

तुमचा
दत्ता

ता. क. : सासूबाई, यांना काठी धरल्याबद्दल ऑफिसनं एक टोपी दिली. ती घरात सुद्धा काढत नाहीत. आण्णांना सांगा, फोन करून काढायला लावा. – सुवर्णा