जोहान्सबर्गचा मौका-पंचनामा

छत्तीस वर्षे महसूल खात्याचे मीठ खाऊन अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून निवृत्त झालेल्या मनुष्यास जगातील कोणतीही वस्तू नुसती पाहता येत नाही. मौजे अमुक, तहसील तमुक, पूर्वेस रस्ता आणि पश्चिमेस नाला, अशा चतुःसीमांसहितच ती त्याच्या दृष्टीस पडते. त्यामुळे नोकरीनिमित्त जोहान्सबर्गास बिऱ्हाड थाटलेल्या आमच्या चिरंजीवांनी ‘बाबा, आईला घेऊन या, शहर दाखवतो’ असे फोनवर आर्जव केले, तेव्हा हिंगणघाट तालुक्यातील वडनेरहून निघालेला हा गृहस्थ प्रवासास नव्हे, तर मौका-पाहणीस निघाला, हे वाचकांनी आरंभीच दप्तरी नोंदवून घ्यावे. सोबत एक कोरी वही, दोन पेने, जवसाची चटणी आणि सौभाग्यवती एवढा सरंजाम होता.

माझ्या एका दोषाची कैफियतही येथेच द्यावयास हवी. फार वर्षांपूर्वी एका जत्रेत माझा कोरा करकरीत चपलांचा जोड अंतर्धान पावला, आणि तेव्हापासून कोणत्याही देवळात माझे अर्धे चित्त गाभाऱ्यात तर अर्धे बाहेर काढलेल्या चपलांत असते. ‘एखाद्या दिवशी देवच म्हणन, आधी चपला पाहून ये बापा, मग हात जोड,’ असा सौभाग्यवतींचा यावर कायमचा शेरा आहे.

नवतपात, म्हणजे अंगाची लाही होत असता, आम्ही वडनेर सोडले आणि मलमलीचा सदरा घालून थेट हिवाळ्यात उतरलो. विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे असतात हे शाळेत शिकलो होतो, परंतु शाळेत शिकलेली गोष्ट खरी निघेल अशी कल्पना नव्हती. त्यातून हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सतराशे पन्नास मीटर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या दीडपट उंचीवर. येथे ना समुद्र, ना नाव चालेल अशी नदी. १८८६ मध्ये सोने सापडले आणि खाणकामगारांच्या पालांतून पाहता पाहता महानगर उभे राहिले, एवढीच त्याची जन्मकथा. सोने काढून उरलेल्या मातीचे पिवळसर डोंगर शहराच्या कडेला आजही दिसतात. ते पाहताच ‘गौण खनिजाचा एवढा साठा! याची रॉयल्टी कोण भरतो?’ असा प्रश्न माझ्या मुखातून निघाला आणि चिरंजीवांनी मोटारीच्या काचा वर केल्या.

पहिल्या दिवशी वर्णभेदाचे संग्रहालय. तेथे तिकिटावरच प्रेक्षकाची जात ठरते. एकास ‘गोरा’ तर दुसऱ्यास ‘गोरेतर’ असे तिकीट नशिबाने मिळते आणि दोघांस निरनिराळ्या दारांतून आत जावे लागते. मला ‘गोरा’ मिळाले. सौभाग्यवतींनी ते तिकीट हाती घेऊन उलटसुलट पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, ‘तुम्ही गोरे? आरशात पाह्यलं का कधी?’ मी विनोदाने छाती काढून माझ्या दारातून निघालो खरा, परंतु मधल्या जाळीपलीकडून त्या एकट्याच चालताना दिसल्या तेव्हा छाती आपोआप जागेवर आली. पुढे आम्ही भेटलो, तेव्हा ‘चाळीस वर्सं संसार केला, अन् कागदाच्या एका चिठोऱ्यानं दारं वेगळी केली नं,’ एवढेच त्या म्हणाल्या. कागदाच्या चिठोऱ्यांवरच माझी सारी हयात गेली होती. मी वहीत काही लिहिले नाही.

सोवेटो वसाहतीत मंडेला आणि आर्चबिशप टुटू या दोन शांतता-नोबेलच्या मानकऱ्यांची घरे विलाकाझी या एकाच रस्त्यावर पाहिली. जवळच्या जुन्या वीजकेंद्राच्या रंगविलेल्या उत्तुंग धुराड्यासारख्या मनोऱ्यांवरून लोक दोर बांधून स्वखुशीने आणि पैसे मोजून उड्या मारतात, हेही पाहिले. मात्र त्या मौक्यावर जाण्यास पंच या नात्याने मी नकार दिला.

तथापि माझ्या पाहणीस खरे वळण लागले ते कॉन्स्टिट्यूशन हिलवर. हा पूर्वीचा किल्ला आणि तुरुंग. गांधीजी आणि मंडेला या दोघांनाही येथे कोंडले होते. तुरुंगाचा एक भाग पाडून त्याच्याच विटा घालून देशाचे घटना-न्यायालय उभारले गेले, ते २००४ मध्ये उघडले. त्या न्यायदालनाच्या भिंतीत एक लांबच लांब, अरुंद खिडकी आहे, आणि तिच्यातून बाहेरच्या वाटेने जाणाऱ्यांची फक्त पावले दिसतात. न्यायाधीशाच्या डोक्याच्या पातळीला वाटसरूचे पाय! आमच्या कचेरीत साहेबांच्या दृष्टीस अर्जदाराचे पाय पडू नयेत म्हणून टेबलास पुढून फळी ठोकलेली होती, हे मला तेथे उगाच आठवले.

येथेच चपलांची कथा ऐकली. गांधीजींनी तुरुंगात स्वहस्ते तयार केलेला एक जोड, त्यांना तुरुंगात घालणाऱ्या जनरल स्मट्स यांनाच भेट दिला. स्मट्स यांनी तो कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तरीच्या निमित्ताने, परत पाठविला. एवढ्या थोर पुरुषाच्या चपलांत उभे राहण्याची आपली योग्यता नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. चपला गेल्याचे दुःख मी जाणतो. चपला परत करणारा मनुष्य मात्र प्रथमच ऐकला.

मग गांधीजी पाठच सोडीनात. शहराच्या मध्यभागी, बसगाड्यांच्या गजबजाटात, वकिली झग्यातील तरुण गांधींचा पुतळा. ऑर्चर्ड्‌स भागात कालेनबाख या वास्तुशिल्पी मित्राने बांधलेले गवती छपराचे घर. त्यात दोघे राहिले, आणि आज पाहुणे पैसे भरून साधेपणाने राहतात. याच कालेनबाखने १९१० मध्ये शहरापासून एकवीस मैलांवरची अकराशे एकर जमीन सत्याग्रहींस दिली, तो टॉलस्टॉय फार्म. तेथील नियम असा की खासगी कामाकरिता शहरात जाणाऱ्याने पायी जावे. प्रवासभत्त्याच्या बिलांवर ज्याने हयात काढली, त्यास हा नियम वाचून काय वाटले असेल!

परंतु सर्वांत मोठा धक्का हमीदिया मशिदीपुढे बसला. दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याच्या कायद्याविरुद्ध १६ ऑगस्ट १९०८ रोजी येथे दोन हजारांहून अधिक नोंदणी-दाखले तीन पायांच्या लोखंडी कढईत घालून, वर रॉकेल ओतून जाळले गेले, आणि त्या घटनेचे स्मारक आज तेथे आहे. एका फेरफाराचा कागद वाळवीने खाल्ला म्हणून मी तीन दिवस जेवलो नव्हतो. आणि येथे एक वकील, तोही आमच्या सेवाग्रामचा, सरकारी दप्तर जाळून वंदनीय ठरला होता! मी बराच वेळ तेथे उभा राहिलो. छत्तीस वर्षांत मी किती अंगठे उठवून घेतले याची गणती नाही. ठसा स्पष्ट उमटला की नाही हे प्रत्येक वेळी पाहिले, अंगठेवाल्याचे तोंड पाहिल्याचे मात्र एकदाही स्मरेना.

वडनेरास परतल्यावर पारावर चौकशी बसली. ‘मंग भाऊ, काय काय पाह्यलं तिथं?’ मी वही उघडून वाचले: गांधींचा पुतळा, गांधींचे घर, गांधींचा तुरुंग, गांधींची कढई. क्षणभर शांतता पसरली. मग एक वृद्ध शेतकरी तंबाखू मळत म्हणाला, ‘येवढ्यासाठी इमान कायले पाह्यजे होतं? सेवाग्रामले तं एस्टी जाते नं!’

हा मुद्दा बिनतोड होता. वास्तविक मी सेवाग्रामास अकरा वेळा गेलो होतो, परंतु प्रत्येक वेळी बड्या पाहुण्यांच्या बंदोबस्तात, हाती यादी आणि नजर चहाच्या किटलीवर ठेवून. म्हणून बाराव्यांदा यादीविना गेलो. १९३६ मध्ये गांधीजी येथे राहावयास आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसविलेला टेलिफोन, साप पकडण्याचा चिमटा, सारे जागच्या जागी. तो कालेनबाखही म्हातारपणी मित्राला भेटण्यासाठी समुद्र ओलांडून या आश्रमात येऊन राहिला होता. तो आला जोहान्सबर्गहून. मला वडनेरहून येण्यास जोहान्सबर्गमार्गे यावे लागले.

बऱ्याच वेळाने सौभाग्यवतींनी विचारले, ‘चपला पाहून येऊ का?’

तेव्हा कोठे मला आठवले की, चपला बाहेर होत्या.