बॅगेतलं बेसन

घराबाहेर पडताना मी गॅसचा रेग्युलेटर बघतो, गीझरचं बटण बघतो, कुलूप लावून ओढतो आणि जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन ओढतो. सोसायटीत माझ्या या वर-खाली करण्यावर विनोद होतात, ते मला माहीत आहेत. तर त्या दिवशी मुंबईला मीटिंगसाठी जायला सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली, तेव्हा घरातली झाडून सगळी उपकरणं बंद होती. एक सोडून. ते माझ्या खांद्यावर होतं.

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझा झोपत नसे. ही शिकवण त्याला मीच दिली होती. लॉकडाऊनमध्ये मी मोठा मॉनिटर आणला आणि लॅपटॉप मिटून बाजूला सरकवला, तर मॉनिटरही काळाठिक्कर. मग सेटिंगमध्ये शिरून ‘झाकण मिटल्यावर काय करायचं?’ या प्रश्नाला ‘काहीच करू नको’ असं उत्तर देऊन आलो. या हुशारीवर इतका खूश झालो की भाच्यालाही शिकवलं. पुढे ऑफिस सुरू झालं, मॉनिटर विकला, सेटिंग तशीच राहिली. एरवी मी रीतसर शटडाऊन करतो. आदल्या रात्री मात्र वाचता वाचता डोळा लागला, तेव्हा नुसतंच झाकण मिटलं आणि सकाळी आहे तसा उचलून बॅगेत कोंबला.

कोंबला म्हणजे किती बंदोबस्तात, तेही सांगतो. आधी निओप्रीनचं कव्हर. पाणबुड्यांचा पोशाख ज्याचा शिवतात, ते हे कापड; त्यात वायूचे बारीक बुडबुडे असतात आणि ऊब सहजी बाहेर जात नाही. त्याला खेटून स्टीलचा डबा. डब्यात दादरच्या मामेबहिणीसाठी बायकोने वळलेले साजूक तुपातले बेसनाचे लाडू. वरून चेन गच्च ओढलेली.

लोणावळ्यापर्यंत मी ऑम्लेट-टोस्टमध्ये गुंतलो होतो. गाडी थांबली, डब्यात जरा शांतता झाली आणि वरच्या रॅकमधून घुंऽऽ असा आवाज ऐकू आला.

“काहीतरी जळतंय,” शेजारचे काका म्हणाले.

“जळत नाहीये हो, बेसन भाजतंय,” मागच्या सीटवरच्या काकूंनी एका दमात वास घेऊन सांगितलं. “छान खमंग आहे.”

अशा प्रसंगी कुणाला तरी सूत्रं हाती घ्यावी लागतात. मी उभा राहिलो. “ही काळी बॅग कुणाची?” डब्यात जवळजवळ प्रत्येकाची बॅग काळी, त्यामुळे कुणीच बोलेना. “बेवारस वस्तूला हात लावू नका,” मी स्टेशनावरच्या घोषणेच्या सुरात म्हणालो, “139 ला फोन करा.” पुढच्या रांगेतली दोन पोरंही मी लांब नेऊन बसवली. माझ्या आवाजाला त्या दिवशी चांगलंच वजन आलं होतं.

खिडकीशी बसलेल्या कॉलेजच्या मुलीने कानातला इअरफोन काढला आणि मान वर करून पाहिलं. “बॅगेला टॅग आहे. मोबाइल नंबर लिहिलाय. लावू का?”

“लावा, लावा! बेजबाबदार लोक!”

तिने नंबर लावला आणि माझ्या खिशात फोन वाजला. “एक मिनिट हं,” मी सगळ्यांना म्हणालो, “मला नेमका आत्ताच फोन आलाय.”

त्यानंतर डब्यात काय झालं, ते थोडक्यात आटोपतो. लोक हसले. कर्जत येईपर्यंत हसले.

लॅपटॉप बाहेर काढला तो हातात धरवेना. मुलगी इंजिनिअरिंगची निघाली. तिने समोरच्या ट्रेवर पेपर पसरून तो त्यावर उघडा ठेवला. काका पँट्रीतून बर्फ आणायला उठले होते, त्यांना तिने थांबवलं. गरम यंत्रावर गार पाणी सुटलं तर उरलंसुरलंही जाईल. मग माझी शिकवणी सुरू झाली. पंखा खालून हवा घेतो आणि कडेने बाहेर टाकतो. कव्हरमध्ये तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा आत जाते. साधारण 100 अंशांजवळ प्रोसेसर आपला वेग उतरवतो, त्यापुढे गेला तर स्वतःच बंद पडतो. बॅटरीला मात्र 35 अंशांच्या वरची सततची ऊबही सोसत नाही, तिचं आयुष्य घटतं. तुमची 50 वॅट-तासांची दिसतेय, ती म्हणाली, एवढ्यात अर्धा लीटर पाणी उकळतं. म्हणजे मी चार कप चहाचं आधण खांद्याला लावून पुणे स्टेशनात हिंडलो होतो.

“आणि काका, नुसत्या स्लीपवरही विसंबू नका. पूर्वी स्लीपमध्ये फक्त मेमरीपुरती वीज चालू असायची. आता मॉडर्न स्टँडबाय असलेले लॅपटॉप झोपेतही नेटवर्क धरून बसतात, मेल घेतात. बॅगेत टाकायचा तर हायबरनेट करा. सगळं डिस्कवर लिहून वीज पूर्ण तोडतो.”

मी मान डोलावली. इतक्या नम्रपणे मी शाळेतही मान डोलावली नव्हती.

बॅटरी 6 टक्के उरली होती आणि चार्जर घरी होता. निघताना मीच तो सॉकेटमधून काढून, बटण बंद करून, वायर नीट गुंडाळून कपाटात ठेवला होता. मीटिंगमध्ये दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दुसऱ्याचे तक्ते बघून मी दुसऱ्याच्या मतांना दुजोरा दिला. चांगली झाली मीटिंग.

राहिला डबा. तो काकूंनी गाडीतच उघडायला लावला होता. लाडू एकमेकांत विरघळलेले, वर तुपाचं तळं. “बसले,” काकूंनी निदान केलं, आणि चमच्याने थोडं चाखून, “पण तूप चांगलं आहे.” संध्याकाळपर्यंत गार होऊन सगळा ऐवज डब्याच्या आकारात थिजला. मी तो मामेबहिणीच्या हातात दिला, गाडीची घाई असल्याचं सांगितलं आणि दारातूनच सटकलो. घरी चकार शब्द काढला नाही.

रविवारी मामेबहिणीचा फोन आला. बायकोने स्पीकरवर टाकला.

“वहिनी, बेसनाच्या वड्या काय खुसखुशीत झाल्यात गं! सुरीने अशा सुरेख कापल्या गेल्या!”

“कुठल्या वड्या?” बायको फोनला म्हणाली, पण बघत होती माझ्याकडे.